मावशीच्या मानेतली बारीक सुई

फाटकाला बाहेरून कुलूप लागलं की आतल्या माणसाला काय दिसतं, सांगा बघू? नाही ना सांगता येत? कुलूप तर दिसतच नाही. पत्र्याच्या फटीतून साखळीचं एक कडं तेवढं दिसतं, आणि वारा सुटला की ते पत्र्यावर आपटतं. टण्ण. माणूस चहा पीत असतो, घोड्याला खरारा करत असतो, कुणाच्या तरी फालतू विनोदावर हसत असतो, आपण कोंडलोय हे जरा विसरायला लागलेला असतो, की पुन्हा टण्ण.

आणि हे फाटक तुरुंगाचं नाही बरं का. आतल्या कुणी चोरी केलेली नाही, कुणाचं डोकं फोडलेलं नाही. ही पागा आहे. सर्पदंशावरचं औषध बनवणाऱ्या कारखान्याची पागा. इथल्या घोड्यांना सापाचं विष थोडं थोडं, झेपेल इतकंच टोचतात. घोड्याचं अंग त्या विषाशी झुंजायला शिकतं आणि मग त्याच्या रक्तातून औषध निघतं. साप चावलेला माणूस त्या औषधावर उठून बसतो आणि डॉक्टरांचे आभार मानतो. घोड्याचे कुणी मानत नाही. घोडं धरणाऱ्याचं तर नावच सोडा.

या पागेत घोड्यांच्या मानेतून रक्त काढणारी एक बाई आहे. तिचं कागदावरचं नाव हजेरी घेताना तेवढं ऐकू येतं. एरवी तिला सगळे बादली म्हणतात.

उंची देताना निसर्गाने तिच्या बाबतीत हात आखडता घेतला, आणि घोडे तर सगळे उंचेपुरे. ती पहिल्यांदा आली ती लीद उचलायला. मोतद्दार घोडे धरायचे, जुना नसवाला रक्त काढायचा आणि ही फावडं घेऊन मागे मागे. पण डोळे उघडे. नसवाला मानेच्या खाचेत अंगठा कसा दाबतो, शीर दोरीसारखी कशी फुगते, सुई कोणत्या कलाने आत जाते, हे सगळं तिने लीद भरता भरता टिपून घेतलं. पुढे नसवाला काम सोडून गेला. त्याच्या जागी आलेल्या माणसाला एका घोड्याने पहिल्याच दिवशी दंडाला धरलं, आणि तो जो गेला तो गेलाच. डॉक्टर हवालदिल होऊन बसले होते. तेव्हा ही म्हणाली, "मी बघू का?"

पागेत हशा पिकला. पागेतले सगळ्यांत जुने मोतद्दार म्हणजे खरारेवाले काका. ते म्हणाले, "अगं, तुझा हात घोड्याच्या गुडघ्याला लागेल. मानेला काय शिडी लावायची?"

तिने शिडी लावली नाही. पाण्याची लोखंडी बादली उपडी केली, तिच्यावर चढली, अंगठ्याने शीर दाबली आणि सुई सारली. रक्त आलं. घोड्याने कानसुद्धा हलवला नाही. काकांनी तोंडातला चहा कसाबसा गिळला आणि म्हणाले, "काम बादलीने केलं हं, बाईने नाही!" त्या दिवसापासून बाई गेली आणि बादली राहिली.

मग काय, नाव झालं. कारखान्यात पाहुणे आले की डॉक्टर त्यांना मुद्दाम तिच्याकडे घेऊन यायचे. "बघा, हा आमच्या बाईंचा हात. टोचलेलं घोड्याला कळत नाही." ती घरी जाऊन भाजी चिरता चिरता हे सासूला सांगायची. नवरा टेम्पो चालवतो, तोंडाचा फटकळ. तो म्हणायचा, "घोड्याला कळत नसेल. मला मात्र कळतं. काल पाठ चेपताना धपाटा मारलास तो अजून बोलतोय." सासू हसायची, हीही हसायची. पण आतून फुलून जायची. आयुष्यभर लीद उचलणाऱ्या हाताला कुणीतरी हात म्हटलं होतं.

स्तुतीचं एक असतं. गळ्यात पडते तेव्हा दागिना वाटते. मान वळवायला गेलं की कळतं, दावं आहे.

आता मावशी. मावशी म्हणजे कुणाची नातेवाईक नव्हे. मावशी ही घोडी आहे, पागेतली सगळ्यांत वयस्कर, करड्या रंगाची, खालचा ओठ लोंबणारी. नवख्याला चावते, जुन्याला ढकलते, आणि बादली दिसली की तिच्या खिशात ओठ खुपसून गाजर शोधते. वर्षानुवर्षं रक्त देऊन देऊन मावशीच्या मानेची कातडी दोन्ही बाजूंनी चामड्यासारखी टणक झालीय. शीर त्या कातडीखाली दडून बसते. जाड सुई लावली की मावशी कान मागे पाडते, डोळ्यांचं पांढरं दाखवते आणि अख्खं ठाण हलवून सोडते. म्हणून औषधासाठी तिचं रक्त काढणं बंदच झालं होतं. ती नुसती असायची. चंदी खायची, उन्हात उभी राहायची, शिंगरांना दटावायची.

अशात आजूबाजूच्या भागातल्या घोड्यांमध्ये एक आजार आला. विषाणूचा. श्वासातून पसरणारा, लाळेतून पसरणारा, माणसाच्या कपड्यांवर आणि बुटांवर बसून एका तबेल्यातून दुसऱ्यात जाणारा. औषध नाही. एक घोडा सापडला की त्याला मारून पुरायचं, एवढाच उपाय. वाईट हे की घोडा आजारी दिसायला लागेपर्यंत त्याने निम्मा तबेला बाधवलेला असतो. मग कारखान्याने एका प्रयोगशाळेशी बोलणी केली. तिथे नवी तपासणी सुरू झाली होती.

डॉक्टरांनी सगळ्यांना पाण्याच्या टाकीपाशी गोळा करून समजावलं. "आपल्या पेशी एकमेकींना बारीक बारीक चिठ्ठ्या पाठवतात, असं समजा. त्या चिठ्ठ्या रक्तात फिरत असतात. शास्त्रात त्यांना मायक्रोआरएनए म्हणतात. विषाणू अंगात शिरला की ताप यायच्या आधी, नाक वाहायच्या आधी, या चिठ्ठ्यांचं गणित बदलतं. काही वाढतात, काही कमी होतात. ते मोजलं की घोडा आजारी पडणार हे घोड्याच्या आधी आपल्याला कळतं."

काका म्हणाले, "म्हणजे घोडा मजेत चंदी खातोय आणि कागद म्हणतोय तू आजारी?"

"तसंच."

"मग खरं कुणाचं मानायचं? घोड्याचं की कागदाचं?"

"काका, घोडा खोटं बोलत नाही. त्याला अजून कळलेलं नसतं, इतकंच," डॉक्टर म्हणाले. आणि मग बादलीकडे वळले. "बाई, हे रक्त नेहमीसारखं काढायचं नाही. जाड सुई लावायची. रक्त आपोआप येऊ द्यायचं. पिचकारीचा दट्ट्या जोराने ओढायचा नाही, दाबायचा नाही, नळी हलवायची नाही. तांबड्या पेशी नाजूक असतात. फुटल्या तर सगळं मोजमाप वाया जातं. सगळ्या घोड्यांचं काढायचं. मावशीचंसुद्धा."

बादलीने मान डोलावली. तिला पेशींचं फारसं कळलं नाही, पण जाड सुई कळली, आणि मावशीचं नाव कळलं.

रक्त काढायच्या दिवशी ती एकेका ठाणात बादली उपडी करत गेली. घोडे धरायला दोघे भाऊ होते. हे जुळे मोतद्दार. एक बोलतो, दुसरा त्याचंच वाक्य पुन्हा म्हणतो. सगळं सुरळीत चाललं होतं. मावशी शेवटी. बादलीने जाड सुई काढली तशी मावशीने कान पाडले. सुई कातडीला टेकली मात्र, मावशीच्या अंगावरून अशी थरथर गेली की बादलीच्या पायाखालची बादली करकरली. मावशीने तिच्या खिशात ओठ खुपसला. गाजर मागायला नव्हे. लपायला.

बादलीने दोघा भावांना सांगितलं, "तोंडाकडून धरा, इकडे बघू नका, तुमच्या बघण्यानेच ती बुजते." आणि मानेच्या आडोशाला तिने जाड सुई खिशात टाकली. दुसऱ्या खिशात शिंगरांना लस टोचायची बारीक सुई होती. तीच लावली. मावशी हलली नाही. पण बारीक सुईतून रक्त येतंय कुठे? थेंब थेंब. तिने दट्ट्या ओढला. आणखी ओढला. पिचकारीत फेस आला. मग घाईघाईने तेच रक्त त्याच सुईतून नळीत जोराने दाबून सोडलं. नळीवर खूण चिकटवली आणि मावशीच्या कपाळावर हात फिरवून ती निघून गेली.

माया होती ती. दुसरं काही नव्हतं. आळस नव्हता, बेफिकिरी नव्हती. म्हाताऱ्या घोडीला दुखू नये, एवढंच.

पागेत मोतद्दारांच्या विसाव्याची एक खोली आहे. चार लोखंडी खाटा, एक शेगडी, भिंतीला टेकवलेलं मोडकं खोगीर, आणि टाकीकडे उघडणारी खिडकी. खिडकीत एक फोन. त्या फोनचा कानाला लावायचा भाग कधीचा बिघडलाय, त्यामुळे कुणाचाही फोन आला की पलीकडचं बोलणं अख्ख्या खोलीत घुमतं. बायकोने काकांना झापलेलंही सगळ्यांना पाठ असतं.

नळ्या गेल्यावर एका दुपारी त्या फोनवर प्रयोगशाळेतली एक बाई बोलली. आवाज तरुण, नम्र. सगळे चहाला बसलेले.

"रक्त काढणाऱ्या ताई आहेत का? सगळ्यांत वयस्कर घोडीबद्दल विचारायचं होतं. तिचं रक्त कोणत्या सुईने काढलंत?"

बादलीच्या हातातला कप तसाच राहिला. खोलीतले सगळे तिच्याकडे बघायला लागले. आणि त्या बघण्यात शंका नव्हती हो! कौतुक होतं. बघा, आमच्या बादलीला प्रयोगशाळेतून फोन.

"जाड सुईने," ती म्हणाली.

"आपोआप येऊ दिलंत? ओढलं नाही? नळी हलवली नाही?"

"नाही ताई."

"जरा नीट आठवून सांगाल? रक्तावरचं पाणी, म्हणजे सीरम, ते थोडं गुलाबी दिसतंय. म्हणून विचारते."

काका लांबूनच ओरडले, "ओ प्रयोगशाळा! आमची बादली गळकी नाही!"

जुळ्यांतला एक म्हणाला, "बादलीचा हात आहे तो." दुसरा म्हणाला, "हात आहे तो, बादलीचा."

सगळे हसले. बादलीही हसली. त्या हसण्याच्या आत खरं बोलायला जागाच उरली नाही. "जाडच सुई होती, ताई," ती पुन्हा म्हणाली.

"बरं," पलीकडून आवाज आला. "मग वेगळा विचार करावा लागेल."

हे वेगळा विचार करणं म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी मोतद्दार आत होते, फाटक ओढलं गेलं आणि साखळी लागली. फाटकात हातभर खिडकी आहे, तिच्यातून तोंड बांधलेले डॉक्टर बोलले. मावशी संशयित. पागा बंद. विलगीकरणाची मुदत संपेपर्यंत ना घोडा बाहेर, ना माणूस. जेवण, चंदी, औषधं खिडकीतून येतील. मावशीला वेगळं बांधायचं. वरून हुकूम आलाय, तिला मारायचा. त्यासाठी लागणारी माणसं आली की होईल.

बादली खिडकीला लोंबकळली. खिडकीही तिच्या उंचीला नव्हती. "पण तिला काही झालेलं नाही, डॉक्टर! खातेय, पितेय, मला ढकलतेय!"

"बाई, तेच तर. ही तपासणी आजार दिसायच्या आधीचीच आहे." डॉक्टरांचा आवाज खाली गेला. "आणि नुसत्या चिठ्ठ्यांचा आकडा नाही. सीरम गुलाबी होतं. रक्त काढताना पेशी फुटल्या असत्या तर आपण म्हटलं असतं, हाताची चूक. पण तुमचा हात मला माहीत आहे. जाड सुई, हळू काढलेलं रक्त, आणि तरी सीरम गुलाबी. याचा अर्थ एकच, पेशी तिच्या अंगातच फुटतायत. विषाणू तिच्या रक्तात पोचलाय."

बादलीने खिडकीचा कठडा सोडला आणि ती खाली आली.

आता जरा तिच्या जागी उभं राहून बघा. ती एक खोटा शब्द बोलली तो कुणाला बुडवायला नाही. चारचौघांत मान खाली जाऊ नये म्हणून. आणि त्या एका शब्दाने तिची चूक उचलून घोडीच्या अंगात नेऊन ठेवली. गुलाबी पाण्याला दोनच कारणं होती. एक तिने मिटवून टाकलं. उरलं ते मावशीच्या नावावर चढलं.

तिने लगेच सांगितलं असेल असं वाटतं ना तुम्हाला? नाही सांगितलं. आणि तिला नावं ठेवायची घाई करू नका. पागेत कोंडलेल्या माणसांत ती एकटी नव्हती. काकांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख याच मुदतीत होती. कितीतरी खेटे घालून मिळालेली. ते फाटकापाशी बसून एकच डोळा मिचकावत, बंद फाटकाकडे बघत राहायचे. जुळ्यांपैकी बोलणाऱ्याची बायको माहेरून यायची होती. तो दिवसभर चिडायचा आणि दुसरा तेच चिडणं पुन्हा चिडायचा. हे सगळे त्या विषाणूला शिव्या घालत होते, प्रयोगशाळेला घालत होते, डॉक्टरांना घालत होते. तिला कुणी घालत नव्हतं. उलट म्हणत होते, "बादली, तू होतीस म्हणून निदान वेळेवर कळलं."

संध्याकाळी नवरा फाटकावर यायचा. टेम्पो बाहेर उभा करून फटीला तोंड लावायचा.

"आहेस का गं?"

"असणारच की. जाऊ कुठे?"

"आईने विचारलंय, आत घोडे जास्त आहेत की माणसं?"

"घोडे. आणि शहाणेही तेच."

"मग तुला करमत असेल." तो हसायचा. फटीतून त्याच्या शर्टाचा एक अरुंद पट्टा दिसायचा, हात घातला तर बोटंही जायची नाहीत. एकदा त्याने विचारलं, "काही झालंय का? तुझा आवाज बसलाय."

"घोड्यांवर ओरडून."

"तू घोड्यांवर कधी ओरडत नाहीस," तो म्हणाला. वारा आला आणि साखळीचं कडं दोघांच्या मध्ये वाजलं.

मावशीला पागेच्या टोकाला, जुन्या गवताच्या खोलीत बांधलं होतं. चारी बाजूंनी ताडपत्री. तिला चंदी घालायचं काम बादलीकडेच आलं, कारण दुसरं कुणी जवळ गेलं की ती दात काढायची. कळपाशिवाय घोडं वेडंपिसं होतं. मावशी ताडपत्रीला नाक लावून दुसऱ्या घोड्यांना हाक मारायची. तिकडून उत्तर यायचं. मग ती त्या छोट्या खोलीत गोल गोल फिरायची, दाव्याला हिसका बसेपर्यंत, मग उलटं. बादली कोपऱ्यात बसून बघायची. दोघींचं फिरणं सारखंच होतं. एकीचं पायांनी, दुसरीचं डोक्यात. सांगावं तर काकांचा डोळा. न सांगावं तर मावशीचा जीव. सांगावं तर हात गेला, नाव गेलं. न सांगावं तर ती माणसं येणार. कुठूनही निघालं तरी दाव्याला हिसका.

मग एका सकाळी खिडकीतून डॉक्टर म्हणाले की मारणारी माणसं ठरली आहेत, दुसऱ्या पागेतलं काम आटोपून येतील. आणि जाता जाता, अगदी मायेने, म्हणाले, "बाई, तेव्हा मावशीचं तोंड तुम्हीच धरा. तुमच्या हातात ती शांत राहील."

तिने फावडं भिंतीला टेकवलं आणि ती सरळ विसाव्याच्या खोलीत गेली. सगळे जेवायला बसले होते.

"जरा बाहेर जाता का? फोन करायचाय."

"बाहेर?" काका म्हणाले. "कुठे, फाटकाबाहेर? लगेच जातो, चावी दे."

कुणी हललं नाही. तिने प्रयोगशाळेचा नंबर फिरवला. तोच तरुण आवाज खोलीभर झाला.

"ताई, मी पागेतून बोलतेय. सुई बारीक होती."

"कोणती सुई?"

"मावशीची. शिंगरांना लस टोचायची. दट्ट्या ओढला, जोर लावून ओढला, फेस आला. मग नळीत सुईतूनच दाबून सोडलं."

खोलीत भाकरी मोडायचा आवाज थांबला.

"मी विचारलं होतं तेव्हा तुम्ही—"

"तेव्हा खोटं बोलले."

"पण का?"

बादलीने भिंतीकडे बघितलं. "खोलीत माणसं होती."

मग तो आवाज हळूच म्हणाला, "आता नाहीत?"

"आहेत की. जाणार कुठे?"

ती प्रयोगशाळेतली मुलगी रागावली नाही, हे तिचं मोठेपण. तिने नीट सांगितलं. "आम्ही ज्या चिठ्ठ्या मोजतो, त्यांतली एक तांबड्या पेशींच्या पोटात ठासून भरलेली असते. पेशी फुटली की ती सगळी बाहेर सांडते आणि आमचा आकडा फुगतो. तुमच्या नळीत तसं झालं असेल. असेल, म्हणतेय. घोडी निरोगी आहे असं मी म्हणत नाही. जाड सुईने पुन्हा काढा. मी डॉक्टरांशी बोलते, तोवर तिला हात लावू देणार नाही."

फोन ठेवला. जुळ्यांतला एक म्हणाला, "म्हणजे हिच्यामुळे." दुसरा काही पुन्हा म्हणाला नाही. पहिल्यांदाच.

काका उठले. बाहेर गेले, तिची बादली सरळ केली, टाकीखाली धरून काठोकाठ पाण्याने भरली आणि घोड्यांच्या हौदापाशी नेऊन ठेवली. म्हणजे, आता हिच्यावर चढून दाखव. नंतर तिच्याशी कुणी शब्द बोललं नाही. चारच खाटांची खोली. पाठ फिरवायलासुद्धा भिंतच समोर येते. ती मावशीच्या ताडपत्रीत जाऊन बसायला लागली.

डॉक्टरांकडून निरोप आला: काढा रक्त. बादलीने जाड सुई उकळून घेतली, नळी घेतली, आणि मावशीपाशी जाऊन उभी राहिली. मान तिच्या हाताच्या वर. ती टाचा उंचावत होती, अंगठा खाचेपर्यंत पोचत नव्हता. मागे पाण्याचा आवाज झाला. काकांनी बादली रिकामी केली होती. त्यांनी ती तिच्या पायाशी उपडी आपटली, मावशीची मोहरकी, म्हणजे तोंडावरची दोरी, धरली आणि दुसरीकडे तोंड करून म्हणाले, "चढ. डोळा माझा गेलाय, घोडी कशाला जायला हवी?"

सुई टेकली तशी मावशी उसळली. ती बादलीवरून खांबावर आपटली, खांदा सोलून निघाला. पुन्हा चढली. मावशीने काकांना भिंतीशी दाबलं. काका घोडीला नाही ते बोलले, पण मोहरकी सोडली नाही. तिसऱ्या खेपेला सुई शिरेत गेली. या वेळी तिने दट्ट्याला हात लावला नाही. मावशी थरथरत होती, घाम गळत होता, आणि रक्त आपल्या चालीने नळीच्या कडेवरून खाली उतरत होतं. घाई करावीशी वाटत होती. तिने केली नाही. नळी उभी ठेवली. काही वेळाने तांबडं खाली बसलं आणि वर सीरम निवळलं, वाळल्या गवताच्या रंगाचं, स्वच्छ. काकांनी आपल्या चांगल्या डोळ्याला नळी लावून पाहिली आणि म्हणाले, "हं." त्यांच्यात एवढं म्हणजे खूप झालं.

आकडा आला. साधा, निरोगी घोडीचा आकडा.

गोष्ट इथे संपायला हवी होती. संपली नाही. कारखान्याची एक समिती आहे. समितीने विचारलं, ही दुसरी नळी कुणी भरली? त्याच बाईने? जी आधी खोटं बोलली? तिने शेजारच्या ठाणातल्या घोड्याचं रक्त भरून पाठवलं नसेल कशावरून? घोडीला दुखू नये म्हणून तिने आधी बारीक सुई लावली, मग तिला वाचवायला आता काय करणार नाही?

हे ऐकून संताप येतो. यायलाच हवा. पण जरा थांबून पाहिलं तर समिती अगदीच चुकीचं बोलत नाही. या घोड्यांच्या रक्ताचं औषध माणसांच्या अंगात जाणार. खोटं एकदा बोललं की पुढचं खरंही त्याच तोंडातून येतं, आणि ऐकणाऱ्याला दोन्ही सारखंच ऐकू येतं. बादलीला हे कुणी समजावायची गरज पडली नाही. खिडकीतून डॉक्टरांनी निरोप सांगितला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरोबर आहे. मग दुसऱ्या हाताने काढा."

पण दुसरा हात आणायचा कुठून? डॉक्टरांच्या ताब्यात दुसरी पागा आहे, तिथे निरोगी घोडे आहेत. इथे पाऊल टाकलं की त्यांना तिकडे जाता येणार नाही. तिकडे दुसरं बघणारं कुणी नाही. काकांना शीर दिसत नाही. जुळ्यांनी एकदा बैलाला सुई टोचली होती, ती स्वतःच्याच बोटात. बाहेरून ज्यांना ज्यांना विचारलं ते आधी हो म्हणतात. मग ऐकतात की आत गेलं की मुदत संपेपर्यंत बाहेर येता येत नाही, त्या चार खाटांच्या खोलीत पाचवं अंथरूण टाकावं लागेल. मग त्यांना घरचं काम आठवतं.

मावशीला मारायचा हुकूम मागे घेतलेला नाही. नुसता थांबवलाय. मुदत संपायच्या आत तिसरी नळी, दुसऱ्या कुणीतरी भरलेली, प्रयोगशाळेत पोचली नाही तर तो चालू होईल. मावशी ताडपत्रीत गोल फिरते आहे. बादली आता तिला रोज मोहरकी लावून उभं करते, परक्या माणसाचा शर्ट तिच्या नाकाशी धरते. नवऱ्याने खिडकीतून दिलेला, टेम्पोच्या ऑइलचा वास असलेला. अनोळखी हात लागला तर मावशीने उसळू नये म्हणून. शिकवते आहे तिला, की दुसऱ्याचा हात म्हणजे मरण नाही.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, हळहळू नका. पत्रं पाठवू नका. तिची बाजू घेऊन भांडूही नका, भांडायला आतलेच पुरेसे आहेत. तुमच्यापैकी कुणाला घोड्याच्या मानेतली शीर सापडत असेल, जाड सुई धरताना हात कापत नसेल, आणि रक्त आपल्या चालीने येईपर्यंत थांबायचा धीर असेल, तर या. अंथरूण आणा, जाड बूट आणा, जुन्या कपड्यांचे दोन जोड आणा. घरी सांगून या, लवकर परतणार नाही म्हणून. मावशी नवख्याला चावते, तेही ठाऊक असू द्या. तरी या.